दिव्यांग पुनर्वसनात पदव्युत्तर शिक्षण: खान्देशातून जाणाऱ्यांसाठी

महाविद्यालयाचं माहितीपत्रक उघडण्याआधी पुनर्वसनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेचं, म्हणजे आरसीआयचं, संकेतस्थळ उघडा. तिथल्या यादीत तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: संस्थेचं नाव, नेमका अभ्यासक्रम आणि तुमच्या प्रवेशाचं वर्ष. मान्यता अभ्यासक्रमागणिक आणि ठरावीक वर्षांपुरती मिळते. पदवीला मान्यता आहे म्हणजे पदव्युत्तरलाही असणार, हा अंदाज फार महागात पडतो. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यानुसार आरसीआयच्या केंद्रीय नोंदवहीत नाव नसताना हे काम करणं गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीची नोंद मात्र आरसीआयकडे होत नाही. त्यांची राज्याची परिषद वेगळी आहे.

कोणती वाट मोकळी आहे ते तुमची पदवी ठरवते. विशेष शिक्षणातलं एम.एड. करायचं तर आधी साधारणपणे विशेष शिक्षणातलं बी.एड. हवं, नुसतं साधं चालत नाही. श्रवणशास्त्र किंवा वाचा-भाषा उपचारासाठी त्याच विषयातली बीएएसएलपी ही पदवी, कृत्रिम अवयवांच्या एमपीओ या पदव्युत्तर पदवीसाठी बीपीओ ही पदवी. मानसशास्त्रात एम.ए. केलेल्यांची इथे हमखास फसगत होते: नुसत्या एम.ए.वर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून नोंदणी होत नाही, आणि त्यासाठी लागणाऱ्या एम.फिल.चं दार विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) बंद करत आणलंय. सीनियरच्या सल्ल्यावर विसंबू नका, चालू वर्षाची अधिसूचना स्वतः वाचा.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या बहुतेकांना यासाठी घर सोडावं लागतं. वांद्र्याची अली यावर जंग संस्था श्रवण-वाचेसाठी, हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था कृत्रिम अवयवांसाठी. या केंद्र सरकारच्या संस्था आहेत, त्यामुळे ओबीसी उमेदवाराला नॉन-क्रीमीलेअर केंद्राच्या नमुन्यातलं लागतं. राज्याच्या नमुन्यातलं दाखवून कागदपत्र पडताळणीत जागा गेली की काही करता येत नाही. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का तेही आधीच पाहा. स्वतः दिव्यांग असाल आणि प्रमाण ४० टक्के किंवा जास्त असेल, तर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत आणि वयात ५ वर्षांची सूट आहे. त्यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, हाताशी ठेवा.

आता प्रबंध. विषय आपल्या मातीतून घ्या, असं आम्ही आग्रहाने सांगतो, कारण इथले प्रश्न पुण्या-मुंबईच्या चाचण्यांत बसत नाहीत. अहिराणी बोलणारं मूल 'डोळा'ला 'डोया' आणि 'काळा'ला 'काया' म्हणतं. प्रमाण मराठीची उच्चार चाचणी लावली की तिथे 'ळ' चुकला अशी नोंद होते, आणि धडधाकट मुलाला उच्चारदोष चिकटतो. उपाय सोपा आहे: तेच शब्द आईकडूनही वदवून घ्या आणि रेकॉर्ड करा. आईही 'डोया'च म्हणत असेल तर तो बोलीचा नियम आहे, गुण कापू नका. भिली आणि पावरी या आदिवासी बोलींसाठी तर स्वतंत्र शब्दयादीच लागेल.

प्रश्नावलीचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या ३६ प्रश्नांच्या अपंगत्व मापनात ३० मिनिटं उभं राहणं आणि एक किलोमीटर चालणं विचारतात. उकिडवं बसणं विचारत नाहीत. रावेर-यावलच्या केळीत राबणाऱ्याचा पाय गेला असेल, तर त्याची अडचण तिथेच असते. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, घामाने कृत्रिम पायाचं सॉकेट (पाय जिथे बसतो तो साचा) सरकतं, पाणी भरलेल्या सरीत पाऊल रुततं. असे प्रश्न वेगळ्या पुरवणीत जोडा, मूळ प्रश्नावलीच्या गुणांत मिसळू नका. नाहीतर इतर अभ्यासांशी तुलना करता येत नाही. भाषांतर दोघांनी स्वतंत्रपणे करावं, मग दोन्हींत एकवाक्यता, मग तिसऱ्याने मूळ न पाहता उलट भाषांतर, आणि शेवटी आठ-दहा जणांवर चाचपणी.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार २०१६ च्या कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत आहे. नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार असूनही पुनर्वसनाच्या अंगाने त्याकडे फार कमी पाहिलं जातं. विषय शोधत असाल तर इथे काम पडून आहे.

नमुन्याचं, म्हणजे अभ्यासात किती जण घ्यायचे त्याचं, गणित नीट करा. सातपुड्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि होळीच्या सुमारास परततात. पहिली भेट ऑक्टोबरात आणि दुसरी जानेवारीत ठेवली की निम्मी घरं कुलूपबंद मिळतात. दोन्ही भेटी पावसाळा ते दिवाळी या काळात बसवा. मधेच सोडून जाणाऱ्यांची २० टक्के गळती धरली आणि शेवटी ६० जण हवे असतील, तर ७५ नोंदवा. ६० वर २० टक्के वाढवून ७२ घेतले तर शेवटी ५७-५८ च उरतात. संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी हाती येण्याआधी एकही फॉर्म भरून घेऊ नका. ७ ते १८ वयाच्या मुलांची स्वतःची संमतीही लागते, पालकांची सही पुरत नाही. जिल्हा रुग्णालयात काम असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांची लेखी परवानगी घ्या आणि अर्ज दोन-तीन महिने आधी द्या.

निकाल लागला की वाढीव अर्हतेची नोंद आरसीआयकडे वेगळा अर्ज करून घ्यावी लागते, ती आपोआप होत नाही. नोंदणीचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी असतं आणि त्यासाठी मान्यताप्राप्त कार्यशाळांचे गुण लागतात. प्रत्येक कार्यशाळेचं प्रमाणपत्र त्याच दिवशी स्कॅन करून ठेवा.