स्लॅकवर काम करणाऱ्या टीमने या चुका टाळाव्यात

आमची आठ जणांची टीम बेळगाव, खानापूर, निपाणी आणि धारवाड येथे आपापल्या घरी बसून बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांसाठी यंत्रभागांची ड्रॉइंग तयार करते. नवा येणारा प्रत्येक जण स्लॅक हे टीमने आपसांत संदेश पाठवण्याचे ॲप दोन दिवसांत शिकल्याचे सांगतो आणि तिसऱ्या दिवशी आधीच्याचीच चूक करतो, म्हणून हे लिहीत आहे.

सर्वांत महागात पडते ते कामाचा बदल खासगी संदेशात कळवणे. एका पावसाळ्यात एका ग्राहकाने पंपाच्या बॉडीचा बोअर, म्हणजे आतले भोक, दोन मिलिमीटरने कमी करायला फोनवर सांगितले. ज्याने फोन घेतला त्या आमच्या सहकाऱ्याने चॅनेलवर, म्हणजे सर्वांना दिसणाऱ्या सामायिक गटात, काही न लिहिता, "आम्हा दोघांचेच तर काम आहे" म्हणून, फक्त खानापूरच्या सहकाऱ्याला ते खासगीत कळवले. खानापूरकडे दोन दिवस वीज नव्हती, फोन बंद होते, आणि तोवर धारवाडच्या मॅडमनी चॅनेलवर असलेले जुने ड्रॉइंग नेहमीप्रमाणे कारखान्याला पाठवून दिले. चौदा बॉडी जुन्या मापाने मशीन झाल्या. कमी कापलेला बोअर पुन्हा कापता येतो, जास्त कापलेला भरून काढता येत नाही, त्यामुळे सगळ्या भंगारात गेल्या. तेव्हापासून मला कोणी कामाचे खासगीत विचारले, तर मी "चॅनेलवर टाका" एवढेच उत्तर देतो, आणि ते उद्धट वाटते हे मला माहीत आहे. ड्रॉइंगचा नंबर आणि रिव्हिजनचे (ड्रॉइंगच्या कितव्या सुधारित आवृत्तीचे ते सांगणारे) अक्षर संदेशाच्या सुरुवातीलाच नसेल, तर तो बदल आमच्याकडे झालाच नाही असे धरले जाते.

दुसरी चूक आपल्या भाषेतलीच आहे. "परवाचे ड्रॉइंग बघा" या वाक्यातला परवा होऊन गेला की यायचा आहे, हे समोरासमोर बोलताना कळते, लिहिलेल्यात कळत नाही. कन्नडमध्ये गेलेल्या परवाला मोन्ने आणि येणाऱ्या परवाला नाडिद्दु असे वेगळे शब्द असल्याने धारवाडच्या मॅडमना आमच्या या गोंधळाचे अजून नवल वाटते. आम्ही आता थेट तारीख लिहितो.

नुसते "नमस्कार सर" लिहून उत्तराची वाट पाहत बसू नये. प्रश्न त्याच संदेशात लिहावा. ॲट-चॅनेल (@channel) लिहिल्यास चॅनेलमधील सर्वांना सूचना जाते आणि ॲट-हिअर (@here) लिहिल्यास त्या वेळी सक्रिय असलेल्यांनाच, हा फरक रात्री अकरा वाजता तरी आठवावा.

स्लॅकच्या मोफत योजनेत ९० दिवसांपूर्वीचे संदेश दिसत नाहीत आणि वर्षापेक्षा जुने तर पुसलेच जातात, तरीही "लागले की शोधू" म्हणणारे भेटतातच. मी दर शनिवारी त्या आठवड्याचे बदल एका शीटमध्ये हाताने उतरवून ठेवतो. हे आपोआप करणारी साधने मला अनेकांनी सुचवली, पण उतरवताना दोन मापे जुळत नसल्याचे मलाच दोनदा सापडले आहे.

राहिला तो नावापुढचा हिरवा ठिपका. संगणकाला दहा मिनिटे हात लागला नाही की स्लॅक माणसाला अनुपस्थित दाखवते, आणि आमचा निपाणीचा सहकारी सगळी आकडेमोड वहीत करतो. त्याचा ठिपका दुपारभर रिकामा असतो आणि त्याची ड्रॉइंग सर्वांत कमी वेळा परत येतात.