कॅसेटवर टिपलेले जुने रेडिओ-प्रसारण जतन कसे करावे

मुंबई केंद्रावरून नियमित प्रसारण २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. नागपूरला १९४८ मध्ये, पुण्याला १९५३ मध्ये आणि सांगलीला १९६३ मध्ये आकाशवाणी केंद्र आले, तर मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ पासून दिसू लागले. या केंद्रांवरून दररोज जे बोलले गेले, त्यातले फार थोडे टिकले आहे. टेप महाग असे आणि ती पुसून पुन्हा वापरली जाई. त्यामुळे गाजलेल्या मैफली आणि मोठ्या माणसांची भाषणे जपली गेली, पण बाजारभाव, शेतकऱ्यांसाठीची चर्चा, कामगारांचे कार्यक्रम, प्रादेशिक बातम्या आणि दोन कार्यक्रमांच्या मधले निवेदन बहुतांशी हवेत विरले. यांपैकी जे उरले आहे, ते बरेचसे घराघरांतल्या कॅसेटवर आहे. घरातल्या कोणाचे भाषण लागणार म्हणून, आवडती श्रुतिका पुन्हा ऐकता यावी म्हणून किंवा टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकत्र असलेला संच) नवा होता एवढ्याच कारणाने कोणीतरी तांबडे बटण दाबले होते. कित्येकांनी तर दूरचित्रवाणी संचासमोर रेकॉर्डर ठेवून मालिकांचा नुसता आवाज टिपून ठेवला आहे.

अशा कॅसेट संगणकावर उतरवण्याचे काम मी अनेक वर्षे करीत आलो आहे. या विषयावर जो सल्ला सर्रास दिला जातो, तो बहुतेक निरुपयोगी आहे, कारण त्यात फाइलचा प्रकार, सॉफ्टवेअर आणि खरखर घालवण्याच्या युक्त्या यांवरच भर असतो. खरे काम त्याच्या आधी, कॅसेट डेकमधल्या एका लहानशा स्क्रूपाशी असते.

साहित्य आणि तयारी

चालू स्थितीतला, साधा, स्वतंत्र कॅसेट डेक, डेकचा आवाज संगणकात नेणारा, यूएसबीने जोडला जाणारा ऑडिओ इंटरफेस, चांगले हेडफोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापूस आणि घड्याळजीकडे असतो तसा बारीक स्क्रू ड्रायव्हर एवढे साहित्य पुरते. बाजारात मिळणारे खिशात मावेल एवढे ‘कॅसेटवरून एमपीथ्री’ यंत्र घेऊ नये. त्याची गती डळमळते, आवाज कमी प्रतीचा येतो आणि पुढे ज्या स्क्रूविषयी सांगणार आहे, तिथपर्यंत हात पोहोचवणे त्यात अवघड जाते. कॅसेट न काढता दोन्ही बाजू वाजवणारा ऑटो-रिव्हर्स डेकही या कामाला नको, कारण त्यातल्या पुष्कळांचे हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग, फिरते असते आणि ते दर वेळी नेमके त्याच कोनात बसेल याची खात्री नसते.

कॅसेट हाती आल्यावर पहिल्याने तिच्या मागच्या कडेचे दोन प्लास्टिकचे तुकडे मोडून टाकावेत, म्हणजे तिच्यावर चुकून काही ध्वनिमुद्रित होणार नाही. फितीला हेडशी दाबून धरणारा आतला नमद्याचा तुकडा गळून पडला असेल, तर फीत स्क्रूने बंद होणाऱ्या नव्या कवचात हलवावी. कोकणातून आणि मुंबईतून येणाऱ्या कॅसेटच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी दिसली, तर ती कॅसेट वाजवू नये आणि इतर कॅसेटपासून लगेच दूर ठेवावी. एकदा ती डेकमध्ये घातली की बुरशी हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. डेकचे हेड आणि रबरी चाक प्रत्येक कॅसेटनंतर पुसून घ्यावे.

हेड सेट करणे

ज्यांच्या घरी टू-इन-वन होता, त्यांना ‘हेड सेट करणे’ हा शब्दप्रयोग ठाऊक असेल. गाणे घोगरे येऊ लागले की झाकण उघडायचे, हेडच्या शेजारचा स्क्रू थोडा फिरवायचा आणि आवाज उजळला की हात थांबवायचा. आपली सगळी अडचण याच सवयीतून आली आहे. प्रत्येक घरातल्या यंत्राचे हेड कोणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी एका कॅसेटसाठी फिरवलेले असे आणि त्यानंतर रेडिओवरून टिपलेले सर्व काही त्याच वाकड्या कोनात मुद्रित होत गेले.

हेडच्या तोंडावर एक अतिशय बारीक फट असते आणि ती फितीच्या धावण्याच्या दिशेशी काटकोनात असावी, असा नियम आहे. तंत्रज्ञ या कोनाला ‘ॲझिमथ’ म्हणतात. मुद्रण करणाऱ्या यंत्राचे हेड कलते असेल, तर फितीवरची चुंबकीय नोंदही तितकीच कलती होते. म्हणून वाजवताना आपले हेड काटकोनात असणे हे आपले उद्दिष्टच नव्हे. त्या जुन्या यंत्राचे हेड जितके कलले होते, तितकेच आपलेही कलले पाहिजे. कारखान्यातून नेमका लावून आलेला उत्तम डेक अशा कॅसेटवर हमखास वाईट वाजतो, आणि मग माणसे कॅसेटलाच दोष देतात.

हे किती नाजूक आहे, त्याचा हिशेब सोपा आहे. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, म्हणजे ५००० हर्ट्झच्या ध्वनीची एक लहर फितीवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही थोडी कमी जागा घेते. साध्या मोनो (एकाच वाहिनीच्या) यंत्राने मुद्रित केलेला पट्टा सुमारे दीड मिलिमीटर रुंद असतो. दोन्ही यंत्रांच्या कोनांत अंशाच्या एक तृतीयांशाएवढा फरक पडला, तरी पट्ट्याच्या एका कडेची लहर दुसऱ्या कडेच्या लहरीपेक्षा जवळपास पूर्ण एका लहरीने मागे पडते, दोन्ही एकमेकींना खोडतात आणि तो ध्वनी नाहीसा होतो. त्यातच मध्यमलहरींवरून येणाऱ्या आवाजात साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही मुळातच नसते. ‘स’, ‘श’, ‘च’ यांचा जो काही अंश रेडिओतून आपल्यापर्यंत आला, तो याच वरच्या काठावर असतो आणि कोन चुकला की सर्वांत आधी तोच जातो.

ही गोष्ट मी फार महागात शिकलो. सुरुवातीच्या काळात एका निवृत्त शिक्षकांच्या घरून मला ३८ कॅसेट मिळाल्या होत्या. त्यांत ग्रामीण कार्यक्रमांतील संवाद होते, स्थानिक कवींची वाचने होती आणि दोन पूर्ण संध्याकाळचे सलग प्रसारण निवेदनासह होते. मी त्या सगळ्या डेक जसा होता तसाच ठेवून उतरवल्या, आवाज दबलेला आला तेव्हा संगणकावर वरचे स्वर वाढवले, खरखर पुसली आणि कॅसेट परत केल्या. पुढे कोनाचे हे प्रकरण समजल्यावर त्या पुन्हा मागायला गेलो, तर आता सारे संगणकावर आलेच आहे म्हणून घरच्यांनी त्या टाकून दिल्या होत्या. त्या फाइल आजही माझ्याकडे आहेत. त्यांत निवेदिका ‘सांगली’ म्हणते तेव्हा ‘हांगली’ ऐकू येते, आणि हे आता कोणालाही दुरुस्त करता येणार नाही. वरचे स्वर वाढवून हरवलेला ध्वनी परत येत नाही, फक्त फितीची सरसर मोठी होते. जो कोणी ‘आधी उतरवून घ्या, नंतर संगणकावर सुधारा’ असे सांगतो, त्याचे ऐकू नये.

आता प्रत्यक्ष कृती. बहुतेक डेकमध्ये दार उघडल्यावर किंवा त्याचे पुढचे झाकण काढल्यावर हेडच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू दिसतो. ज्याच्याखाली स्प्रिंग असते, तो कोनाचा स्क्रू. दुसऱ्याला हात लावू नये, त्याने हेडची बैठक बिघडते आणि ती घरी पुन्हा जुळवणे जवळजवळ अशक्य असते. कोनाच्या स्क्रूवर रंगाचा ठिपका असेल, तर तो हलकेच खरवडावा आणि मूळ स्थिती बारीक खुणेने नोंदवून ठेवावी.

डेकमधले डॉल्बी (फितीची सरसर कमी करणारी सोय) बंद करावे, कारण घरगुती टू-इन-वनमध्ये ते नसेच, आणि इक्वलायझर असल्यास तोही सपाट ठेवावा. त्यानंतर डावी आणि उजवी वाहिनी एकत्र करून, म्हणजे मोनोमध्ये, हेडफोनवर ऐकावे. हे एकत्र करणे विसरू नये. स्टीरिओ हेडची प्रत्येक वाहिनी पट्ट्याचा अर्धाच भाग वाचते, त्यामुळे वेगवेगळे ऐकताना चूक झाकली जाते आणि दोन्ही मिसळल्या की ती उघडी पडते. तपासणीसाठी गाणे न घेता निवेदन किंवा बातम्या घ्याव्यात. मराठी या बाबतीत आपल्याला फार मोठी मदत करते, कारण तिच्यात दोन ‘च’ आहेत. ‘चांगला’ मधला दंत्य ‘च’ आणि ‘चित्र’ मधला तालव्य ‘च’ हे कानाला स्पष्ट वेगळे वाटेपर्यंत स्क्रू फिरवीत राहावे. कोन चुकलेला असताना दोन्ही एकसारखे, काहीसे ‘त’ कडे झुकलेले येतात. ‘श्रोतेहो’ मधला ‘श्र’ हीदेखील चांगली कसोटी आहे.

स्क्रू एका वेळी फेरीच्या आठव्या भागाहून अधिक फिरवू नये. आवाज उजळत जाईल, एका ठिकाणी सर्वांत स्वच्छ होईल आणि पुन्हा मंदावेल. तो मंदावेपर्यंत पुढे जाऊन मग मागे यावे, म्हणजे सर्वोच्च बिंदू दोन्ही बाजूंनी कळतो. फार पुढे गेल्यास आवाज पुन्हा थोडासा उजळतो. ते फसवे ठिकाण आहे, नवशिके तिथेच थांबतात. खात्रीसाठी अर्धा मिनिट मुद्रित करून संगणकावर दोन्ही वाहिन्यांच्या रेषा खूप मोठ्या करून पाहाव्यात. कोन जुळला असेल, तर दोन्हींचे चढ-उतार नेमके एकाखाली एक येतात.

हे सर्व प्रत्येक कॅसेटसाठी, तिच्या प्रत्येक बाजूसाठी आणि एकाच बाजूवर वेगवेगळ्या वर्षांचे मुद्रण असेल तर तिथेही पुन्हा करावे लागते. मला आता एका बाजूला पाच-सात मिनिटे लागतात, पहिल्या दिवशी एक तास गेला होता. हा वेळ वाचवायचा असेल, तर हे काम हाती घेऊच नये.

उतरवणे

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल ठेवावी. दोन वाहिन्यांच्या एका तासाला साधारण एक गिगाबाइट जागा लागते. पूर्ण बाजू न थांबवता घ्यावी. खरखर काढलेली प्रत हवी असल्यास ती वेगळी करावी, मूळ फाइलला हात लावू नये. मधली शांतता, अर्धवट जाहिरात, घरातल्या माणसांचे बोलणे यांपैकी काहीही कापू नये.

क्षीण झालेल्या सेलवर मुद्रण झाले असेल, तर गती बिघडलेली असते. आकाशवाणीची संकेतधून फितीवर सापडली, तर तिच्या तानपुऱ्याचा सूर स्वच्छ मुद्रणातल्या सुराशी ताडून पाहावा आणि गतीची दुरुस्ती प्रतीवरच करावी.

तारीख ठरवणे आणि नोंद

कॅसेटवरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नये, कारण जुन्या चिठ्ठीखाली नवे मुद्रण असण्याची शक्यता नेहमीच असते. फितीवरचे पुरावे अधिक बोलके असतात. विविध भारतीवर जाहिराती १९६७ पासून सुरू झाल्या, तर दूरदर्शनवर १९७६ पासून. केंद्राच्या उद्घोषणेत सांगितलेला किलोहर्ट्झचा आकडाही उपयोगी पडतो. नोव्हेंबर १९७८ मध्ये मध्यमलहरींच्या कंप्रता (फ्रिक्वेन्सी) नव्या आंतरराष्ट्रीय आराखड्यानुसार नऊच्या पटीत आणल्या गेल्या. मुंबईचे ५५८ आणि पुण्याचे ७९२ किलोहर्ट्झ हे दोन्ही आकडे नऊने भागले जातात. उद्घोषणेतला आकडा तसा भागला जात नसेल, तर मुद्रण बहुधा त्याआधीचे आहे. वक्त्याच्या घरी आकाशवाणीचे करारपत्र जपलेले असेल, तर तारीख, वेळ आणि विषय सारे एकाच कागदावर मिळते, म्हणून कॅसेट मागताना कागदपत्रेही आवर्जून मागावीत.

प्रत्येक फाइलबरोबर साध्या मजकुराची एक नोंद ठेवावी. तिच्यात काय ऐकू येते, कितव्या मिनिटाला येते, तारीख कशावरून ठरवली आणि कोन कोणत्या वाक्यावर जुळवला, हे लिहावे. फाइलच्या तीन प्रती ठेवाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी असावी.

सार्वजनिक करण्याची घाई करू नये. प्रसारणावरचा प्रसारणसंस्थेचा हक्क आपल्या कायद्याने २५ वर्षे टिकतो, पण त्यातल्या लेखनाचा आणि संगीताचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत असतो. जतन करणे आणि प्रसिद्ध करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिले काम दुसऱ्यासाठी थांबवून ठेवू नये.

शेवटी डेकचा स्क्रू खुणेवर परत आणावा, कॅसेट डबीत उभी ठेवावी आणि मालकाला परत देताना डबीत एक चिठ्ठी घालावी. मी तिच्यावर उतरवल्याची तारीख लिहितो आणि खाली इतकेच लिहितो, ‘ही कॅसेट टाकायची झाल्यास कृपया आधी मला कळवावे.’