गिटारचा पिकअप बदलताना वायरच्या रंगावर जाऊ नका, मीटर लावा

फोंड्यात मित्राच्या घरी गेल्या पावसाळ्यात त्याच्या गिटारच्या ब्रिजजवळ नवीन हंबकर बसवला, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप (पिकअप म्हणजे तारांची थरथर पकडून ॲम्पला पाठवणारा भाग), गिटार स्ट्रॅट टाइप, पुढे दोन सिंगल कॉइल, म्हणजे एकेका कॉइलचे पिकअप, नी मागे हंबकर. सगळं नीट जोडलं, मीटरवर रीडिंगपण बरोबर, पण आवाज एकदम पातळ, नाकातून आल्यासारखा, नी हम, म्हणजे ॲम्पमधली घूं-घूं, कमी व्हायची सोडून वाढली. अर्धा दिवस पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालचा भाग), स्विच, जॅक यांत चूक शोधत बसलो. चूक माझीच, पिकअप डिमार्झिओ कंपनीचा आणि मी वायरींचे रंग सेमूर डंकन या दुसऱ्या कंपनीचे धरून जोडले होते.

हे नीट समजून घ्या, कारण चार वायरींच्या हंबकरात लोक इथेच अडकतात. डंकनमध्ये काळी हॉट (सिग्नल नेणारी), पांढरी नी लाल एकमेकांना जोडायच्या, हिरवी आणि उघडी वायर ग्राउंडला. डिमार्झिओमध्ये लाल हॉट, काळी नी पांढरी एकत्र, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. डंकनचा हिशेब डिमार्झिओला लावला की दोन्ही कॉइल जोडल्या जातात खऱ्या पण एक उलटी लागते, मग तारांचा सूर एकमेकांना खातो आणि हम मात्र बेरीज होऊन येते. दोन्ही कॉइल मिळून ओहम तेवढेच दिसतात, म्हणून नुसतं रेझिस्टन्स बघून कळत नाही.

मग करायचं काय? मल्टिमीटर 20 किलोओमवर ठेवा आणि आधी जोड्या शोधा, ज्या दोन वायरींत चार-पाच किलोओमच्या आसपास काहीतरी दिसतं त्या एका कॉइलच्या, बाकीच्यांत काहीच दिसणार नाही. मग दोन कॉइल तात्पुरत्या जोडून हॉट आणि ग्राउंडवर मीटर लावा, लोखंडी स्क्रूड्रायव्हर एका कॉइलच्या पोलवर (तारांखाली दिसणाऱ्या लोखंडी ठिपक्यांवर) टेकवून पटकन उचला, आकडा क्षणभर वर किंवा खाली हलतो, तेच दुसऱ्या कॉइलवर करा. दोन्हीकडे एकाच दिशेने हलला तर बरोबर, उलट हलला तर एका कॉइलच्या वायरी अदलाबदल करा. काट्याचा जुना मीटर असेल तर अजून स्पष्ट दिसतं. हीच टेस्ट पुढच्या सिंगल कॉइलवर पण घ्या, म्हणजे दोन पिकअप एकत्र वाजवताना आवाज पडत नाही. तिथे आकडा हंबकरच्या उलट दिशेने हलला तर हंबकरची हॉट नी हिरवी बदला, उघडी वायर मात्र कायम ग्राउंडलाच.

आता खोलायचं. तारा सैल करून काढा, पिकगार्डचे, म्हणजे पिकअप ज्यावर बसतात त्या पुढच्या प्लास्टिकच्या पट्टीचे, स्क्रू साधारण 11 असतात, एका वाटीत ठेवा. आणि जुनी एकही वायर काढायच्या आधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढा, हे विसरू नका.

सोल्डरिंगचं सांगतो, कारण आपल्याकडे गोव्यात खरी अडचण हीच आहे. समुद्राची खारट हवा नी चार महिन्यांची ओल, त्यामुळे पॉटची पाठ, स्विचचे पाय, जॅक सगळं काळवंडलेलं असतं, त्यावर सोल्डर धरतच नाही, गोळा होऊन घरंगळतो. तांब्याच्या भांड्याला कल्हई करणारा आधी भांडं घासून लख्ख करतो ना, तसंच आहे हे. बारीक सँडपेपरने पॉटची पाठ चमकेपर्यंत घासा, मग 40 वॅटची सोल्डरिंग आयर्न तिथेच तीन-चार सेकंद टेकवा नी सोल्डर आयर्नला न लावता त्या तापलेल्या पत्र्याला लावा, पाण्यासारखा पसरला की काम झालं. फार वेळ धरू नका, आतली कार्बनची पट्टी जळते. सोल्डर रोझिन कोअरचा (आत राळ भरलेला) घ्या, नळाच्या कामाची ॲसिडवाली पेस्ट अजिबात वापरू नका, ती पुढे धातू खाते. वायरीची टोकंपण आधी सोल्डरने भिजवून घ्या. आणि पंखा बंद ठेवा, घाम आला तरी चालेल, नाहीतर जोड हलत्या वाऱ्यात थंड होतो नी मळकट, दाणेदार दिसतो. असा जोड दिसला की परत तापवा. धूर जायला खिडकी मात्र उघडी.

जोडणी तशी थोडीच आहे. हॉट वायर स्विचच्या ज्या पायावर जुन्या पिकअपची होती तिथे, हिरवी नी उघडी व्हॉल्यूम पॉटच्या पाठीवर, एकत्र जोडलेल्या दोन वायरींवर हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी. ती नळी सोल्डर करायच्या आधी वायरीत ओवायची, मी दरवेळी स्वतःला आठवण करतो. सिंगल कॉइलच्या गिटारमध्ये पॉट बहुतेक 250 किलोओमचे असतात, हंबकर त्यावर थोडा दबलेला वाटतो, मोकळा आवाज हवा असेल तर 500 चा पॉट घाला, पण सिंगल कॉइल मग जरा तीक्ष्ण होतात हे लक्षात घेऊन.

पिकगार्ड बंद करायच्या आधी ॲम्प अगदी हळू लावून प्रत्येक पिकअपवर स्क्रूड्रायव्हरने टकटक करा, स्विच फिरवत, आवाज आला पाहिजे. तारा लावल्यावर हात ठेवला की हम कमी झाली पाहिजे. वाढली तर जॅकच्या दोन वायरी उलट लागल्यात, नी काहीच फरक पडला नाही तर मागे स्प्रिंगच्या पट्टीकडे जाणारी ग्राउंड वायर तपासा, ती बऱ्याचदा सुटलेली असते. शेवटी शेवटचा फ्रेट दाबून पिकअपची उंची लावा, बारीक तारेखाली साधारण 2 मिमी, जाड तारेखाली थोडं जास्त, मग कानाने.