होमस्क्रीन विजेटपर्यंत युजरचं सेटिंग: तिथीच्या विजेटचा अनुभव

इंदुरातल्या मराठी घरांत जन्माष्टमी श्रावण वद्य अष्टमीला येते, शेजारच्या माळवी घरात तीच भाद्रपद कृष्ण अष्टमी असते. दिवस एकच, महिन्याचं नाव वेगळं. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. आमच्या टीमने तिथी दाखवणारं अ‍ॅप आणि त्याचं विजेट (फोनच्या होमस्क्रीनवर बसणारी छोटी चौकट) करायला घेतलं, तेव्हा अमान्त की पौर्णिमान्त हेच पहिलं सेटिंग ठरलं.

आता इंटर्नशिपला येणाऱ्या मुलांना मी मुद्दाम हेच काम देतो. थोड्या वेळाने ठरलेला प्रश्न येतो: "दादा, अ‍ॅपमध्ये पौर्णिमान्त केलं, पण विजेट अजून श्रावणच दाखवतंय!" याचं उत्तर ज्याला मुळापासून कळलं, त्याला मोबाइलमधल्या प्रोसेस, स्टोरेज आणि परवानग्या एकदमच कळतात. म्हणून हे काम मला शिकण्यासाठी फार मोलाचं वाटतं.

आधी आयफोनचं बघू. आयओएस १४ मध्ये, म्हणजे २०२० साली, विजेटकिट हे विजेट बनवायचं अ‍ॅपलचं साधन आलं. त्यात विजेट हे अ‍ॅपचं एक्स्टेन्शन, म्हणजे त्याला जोडलेला वेगळा भाग असतं. त्याची प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) वेगळी, त्याचा सँडबॉक्सही (फाइली ठेवायची बंदिस्त जागा) वेगळा. एकाच वाड्यातली दोन बिऱ्हाडं म्हणा ना, नाव एक पण स्वयंपाकघरं दोन. अ‍ॅपने नेहमीच्या यूजरडिफॉल्ट्समध्ये, म्हणजे सेटिंग साठवायच्या जागेत लिहिलेलं विजेटला दिसतच नाही. त्यासाठी अ‍ॅप ग्रुप, म्हणजे दोघांची सामायिक जागा घ्यावी लागते. अ‍ॅप आणि विजेट या दोन्ही टार्गेटना (प्रोजेक्टमधल्या वेगळ्या बिल्ड होणाऱ्या भागांना) तोच ग्रुप जोडायचा, आणि दोघांनीही त्याच नावाच्या सूटमधून, म्हणजे यूजरडिफॉल्ट्सच्या सामायिक कप्प्यातून वाचायचं-लिहायचं.

इथे नवशिक्यांचा सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण ग्रुपच्या नावात एक अक्षर चुकलं तरी बिल्ड अडत नाही आणि अ‍ॅप पडत नाही. विजेटला काहीच सापडत नाही आणि ते गुपचूप डीफॉल्ट दाखवतं. आमचं डीफॉल्ट अमान्त, त्यामुळे अमान्तवाल्याला सगळं बरोबरच वाटणार. काम चालू असेपर्यंत डीफॉल्टऐवजी विजेटवर सरळ 'सेटिंग मिळालं नाही' असं छापा. रिलीजच्या आधी काढा. एवढ्याने निम्मी शोधाशोध वाचते.

सेटिंग लिहिल्यावर विजेटची टाइमलाइन (कधी काय दाखवायचं त्याची यादी) पुन्हा मागावी लागते, ते काम विजेटसेंटरचं. विजेट सतत चालू नसतं. ते पुढच्या नोंदी आधीच तयार करून देतं आणि सिस्टिम त्या वेळेवर दाखवते. वरचेवर बघितल्या जाणाऱ्या विजेटला दिवसाला साधारण ४० ते ७० रिफ्रेश मिळतात असं अ‍ॅपल सांगतं, पण अ‍ॅप समोर उघडं असताना मागितलेलं रीलोड त्यात धरलं जात नाही. म्हणून सेटिंग बदललं त्याच क्षणी रीलोड मागा, नंतरवर ढकलू नका. तिथीला तर रिफ्रेश फार लागतही नाहीत. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो, तेव्हा पुढच्या काही दिवसांच्या सूर्योदयाच्या वेळांनी नोंदी भरल्या की झालं.

अँड्रॉइडवर गोष्ट थोडी निराळी आहे. तिथे विजेटचा प्रोव्हायडर (विजेटला माहिती पुरवणारा अ‍ॅपमधला भाग) हा ब्रॉडकास्ट रिसीव्हर, म्हणजे सिस्टिमचे निरोप ऐकणारा असतो आणि सहसा अ‍ॅपच्याच प्रोसेसमध्ये चालतो, त्यामुळे शेअर्ड प्रेफरन्सेस, म्हणजे अ‍ॅपची साठवलेली सेटिंग्ज सहज वाचता येतात. पण चित्र काढतो लाँचर (होमस्क्रीन चालवणारं अ‍ॅप), आपण पाठवलेल्या रिमोटव्ह्यूज या आराखड्यावरून. प्रेफरन्स बदलल्याची त्याला खबर नसते. आपणच अपडेट पाठवायचं. विजेटच्या एक्सएमएल फाइलमध्ये लिहिलेल्या ठरावीक वेळाच्या अपडेटवर विसंबू नका, तो अर्ध्या तासापेक्षा लवकर येतच नाही.

हे जमलं की खरा प्रश्न पुढे येतो: सेटिंग कोणाचं? अ‍ॅपचं, की त्या एका विजेटचं? आमच्या ओळखीच्या रामबागेतल्या एका काकूंना एकाच फोनवर दोन विजेट हवी होती. एक घरच्या सणांसाठी अमान्त, दुसरं पौर्णिमान्त, कारण सूनबाईंचं माहेर उज्जैनचं आणि त्यांची व्रतं त्या हिशेबाने. अ‍ॅपभर एकच सेटिंग ठेवलं असतं तर काकूंचं काम झालंच नसतं. कोड लिहायच्या आधी कागदावर दोन रकाने आखा आणि प्रत्येक सेटिंग कुठल्या रकान्यात जातं ते ठरवा. हा निर्णय नंतर फिरवणं फार जड जातं.

विजेटगणिक सेटिंगसाठी अँड्रॉइड प्रत्येक विजेटला एक आयडी देतं. तो आयडी जोडूनच की (ज्या नावाखाली सेटिंग साठवतात ते) तयार करा, आणि विजेट काढल्यावर ती की पुसा. कॉन्फिगरेशनची स्क्रीन दिली असेल तर ती उघडताच निकाल 'रद्द' असा लावून ठेवा, म्हणजे युजर मागे फिरला तर अर्धवट विजेट राहत नाही. जतन केल्यावर पहिलं अपडेट त्या स्क्रीननेच करायचं असतं आणि मग आयडीसकट 'ओके' परत द्यायचा. जेटपॅक ग्लान्स ही विजेटसाठीची अँड्रॉइडची लायब्ररी वापरत असाल तर प्रत्येक विजेटची स्टेट (साठवलेली माहिती) वेगळी ठेवायची सोय त्यात आहे.

आयफोनवर आयओएस १७ पासून विजेटगणिक सेटिंगचं हे काम अ‍ॅप इंटेंटने, म्हणजे विजेटचे पर्याय सिस्टिमला सांगणाऱ्या कोडने होतं. युजर विजेट दाबून धरतो, 'एडिट विजेट' निवडतो आणि त्याची निवड सिस्टिम सांभाळते. ती निवड अ‍ॅपला वाचता येते, पण परस्पर बदलता येत नाही. म्हणून आम्ही पहिला पर्याय 'अ‍ॅपप्रमाणे' असा ठेवला, त्याखाली अमान्त आणि पौर्णिमान्त. ज्याला वेगळं काही नको, त्याचं विजेट अ‍ॅपमागून चालतं. काकूंसारख्यांना स्वतंत्र निवड मिळते. ही रचना मला दोन्ही फोनवर सगळ्यात सरळ वाटते.

मुलाखतीला जाताना टू-डू लिस्टपेक्षा असं एक पुरं केलेलं विजेट न्या. दोन विजेट शेजारी लावा, एकाचं सेटिंग बदला, दुसरं जागचं हलत नाही हे दाखवा, फोन रीस्टार्ट करूनही दाखवा. आणि तारीख कृष्ण पक्षातली घ्या. शुक्ल पक्षात दोन्ही पद्धतींचा महिना एकच असतो, गणेश चतुर्थी दोघांचीही भाद्रपदातलीच, तेव्हा त्या दिवशी सेटिंग पोचलं की नाही हे विजेटकडे बघून कळणारच नाही.