लियोंमध्ये जेवायचं कसं

मी लियोंत राहते. फ्रान्सला येणाऱ्या प्रत्येक ओळखीच्याला माझं एकच सांगणं असतं: पॅरिसमधले दोन दिवस कमी करा, ते लियोंला द्या, आणि इथलं मुख्य जेवण दुपारी घ्या. पॅरिसच्या गार द लियों स्टेशनवरून टीजीव्ही ही वेगवान रेल्वे सुटते ती साधारण दोन तासांत इथे पोचते. फक्त रविवार-सोमवार टाळा, बरीच चांगली दुकानं आणि खानावळी तेव्हा बंद असतात.

दुपारचाच आग्रह का? इथलं खाणं लोणी, साय, अंडी आणि कलेजी यांच्यावर उभं आहे. रात्री नऊला जेवलात तर पोट झोपू देणार नाही. शिवाय दुपारी ‘फॉर्म्युल’ मिळतो, म्हणजे ठरलेल्या किमतीत दोन किंवा तीन पदार्थ, आणि तेच संध्याकाळी वेगवेगळे मागवले तर बरंच महाग पडतं. वेळ मात्र पाळायची. सव्वाबाराला टेबलावर असा. दीडनंतर स्वयंपाकघर आवरायला लागतं, आणि अडीचला गेलात तर गरम काही मिळेल याची खात्री नाही. आदल्या दिवशी फोन करून जागा राखून ठेवा.

जायचं ते ‘बुशों’मध्ये. बुशों म्हणजे लियोंची जुन्या धाटणीची छोटी खानावळ: चिकटून मांडलेली टेबलं, फळ्यावर खडूने लिहिलेला मेन्यू. जुन्या शहरातल्या रू सां-जां रस्त्यावर पावलोपावली ही पाटी दिसते, पण दाराबाहेर पदार्थांचे फोटो आणि पाच-सहा भाषांतला मेन्यू असेल तर पुढे चला. अस्सल बुशोंना ‘ले बुशों लियोने’ असं लेबल २०१२ पासून दिलं जातं, ते दारावर दिसलं तर निवड सोपी होते.

आत शिरताना आधी ‘बोंजूर’ म्हणा आणि मगच बाकीचं बोला. हे इथे फार मनावर घेतात. कोणी टेबल दाखवेपर्यंत थांबा. पाणी मागताना ‘काराफ दो’ म्हणा, म्हणजे नळाचं पाणी फुकट येतं, नाहीतर बाटलीचे पैसे पडतात. पाव जेवणाबरोबरच येतो. सर्व्हिस किमतीत धरलेली असते, टिप दिलीच पाहिजे असं नाही.

पहिल्यांदा आलात तर ‘कनेल द ब्रोशे’ मागवा. ब्रोशे हा गोड्या पाण्यातला मासा, चवीला उत्तम पण बारीक काट्यांनी भरलेला. म्हणून त्याचा गर काढून तो अंडी, लोणी आणि शिजवलेल्या पिठात घोटतात, लांबट गोळे वळतात, उकळतात आणि वर नांतुआ सॉस ओतून ओव्हनमध्ये ठेवतात. सॉस गोड्या पाण्यातल्या झिंग्यासारख्या एक्रव्हिसचा, नारिंगी रंगाचा. कनेल ओव्हनमध्ये टम्म फुगते आणि बाहेर आली की बसायला लागते, म्हणून फोटोच्या नादाला न लागता लगेच चमचा घाला. वर खरपूस पापुद्रा, आत मऊ लुसलुशीत, आणि माशाचा वास अगदी पुसट. हा पदार्थ मला इथल्या सगळ्या पदार्थांत मोठा वाटतो. साध्या जिन्नसांत इतकं कौशल्य ओतलेलं क्वचित दिसतं.

वजडी आवडत असेल तर ‘ताब्लिए द सापर’ घ्या: व्हाइट वाईनमध्ये मुरवून, पावाचा चुरा लावून तळलेली वजडी. ती गाई-बैलाची असते, हे लक्षात घेऊन ठरवा. ‘आंदुयेत’ हा आतड्यांचा सॉसेज. त्याचा वास उग्र असतो, तेव्हा पहिल्या दिवशी नको.

या स्वयंपाकामागे बायका आहेत. श्रीमंत घरांत रांधणाऱ्या स्वयंपाकिणींनी पुढे स्वतःच्या खानावळी काढल्या, त्यांना इथे ‘मेर’ म्हणजे आई म्हणतात. युजेनी ब्राझिए यांनी १९२१ साली रू रोयालवर आपली खानावळ उघडली आणि १९३३ मध्ये त्यांच्या दोन रेस्टॉरंटांना मिशेलॅन या रेस्टॉरंट-मार्गदर्शिकेचे तीन-तीन स्टार मिळाले. नामवंत शेफ पॉल बोक्यूज त्यांच्याच हाताखाली शिकले. शहरातला मोठा बंदिस्त बाजार आज बोक्यूज यांच्या नावाने ओळखला जातो. मला तिथे ब्राझिएबाईंची आठवण होते.

वाईनची पूर्ण बाटली घेऊ नका, ‘पो’ मागा. जाड काचेच्या बुडाची ही बाटली ४६ सेंटिलिटरची असते आणि दोघांना पुरते. आत बहुधा शेजारच्या बोजोले भागातली रेड वाईन असते, गामे द्राक्षाची. १३९५ मध्ये बर्गंडीच्या ड्यूकने हे द्राक्ष आपल्या मुलखातून हद्दपार केलं होतं, पण बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या जमिनीत ते सुरेख रुजलं. नाशिकच्या दमदार शिराझची सवय असेल तर गामे हलकी वाटेल. किंचित थंड, बारा-चौदा अंशांवर प्या. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी येणाऱ्या ‘नुव्हो’ या त्याच हंगामाच्या ताज्या वाईनवरून बोजोलेची किंमत करू नका. मोर्गों, फ्लरी, मुलां-आ-व्हां अशा दहा ‘क्रू’ म्हणजे स्वतःच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खास भागांच्या वाईन चाखा. मोर्गों भरदार, फ्लरी फुलांच्या वासाची.

शेवटी ‘सर्वेल द कानु’. आपल्या चक्क्यासारखं ताजं चीज, त्यात लसूण, बारीक चिरलेले शॅलट कांदे, चाइव्हची पात, ऑलिव्ह तेल आणि व्हिनेगर. क्रवा-रूस टेकडीवरच्या रेशीम विणकरांचं हे खाणं, पावाला लावून खा.

शाकाहारी असाल तर जागा राखतानाच सांगा. ‘सां व्यांद’ म्हणजे मांसाशिवाय, पण एवढ्याने भागत नाही. ‘सां लार्दों, सां प्वासों’ हेही म्हणा, म्हणजे सॅलडमधले डुकराच्या मांसाचे तुकडे आणि मासे टळतात. माशाशिवाय केलेली ‘कनेल नातूर’ही मिळते. चीजमध्ये मात्र बहुधा प्राणिजन्य रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ, असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रवा-रूसच्या बुलेव्हारवरचा बाजार करा. सां-मार्सलां चीज घेताना आजच खाणार की दोन दिवसांनी ते सांगा, विक्रेती बोटाने दाबून त्याप्रमाणे निवडून देते. मग पार-द्यो स्टेशनवरून लोकल गाडीने बोजोलेतल्या बेलव्हिलला जा, साधारण पाऊण तास लागतो. द्राक्षमळे तिथून जवळ आहेत. वाइनरीत आधी फोन करून वेळ घ्या, आणि चाखलेली वाईन भांड्यात थुंकायला लाजू नका. ती रीतच आहे, आणि त्यामुळे चौथ्या ग्लासाचीही चव कळते.