प्लांटेशन शटर्स बसवण्याआधीची तयारी: डॅलसकडच्या नव्या घरांसाठी

फ्रिस्को, प्लानो, मॅकिनी या भागात नवं घर घेतलं, की बिल्डर खिडक्या उघड्याबोडक्याच हातात देतो. मग रस्त्यावरून आतलं सगळं दिसतं, दुपारी तीननंतर पश्चिमेच्या खोलीत बसवत नाही आणि पहिल्याच आठवड्यात शटर्सवाल्यांची पत्रकं दारात पडायला लागतात. प्लांटेशन शटर्स म्हणजे खिडकीला आतून बसवायच्या, फिरत्या रुंद पट्ट्यांच्या झडपा. शटर्सवाल्यांना फोन करण्याआधी घरच्या घरी करून ठेवायची ही तयारी आहे. ती केली तर खर्च आटोक्यात राहतो, असं माझं ठाम मत आहे. शटर्सचं बिल फुगतं ते बहुतेक वेळा सगळ्या खिडक्या एकदम करायला घेतल्यामुळे.

सुरुवात एचओएच्या, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघाच्या, कागदांपासून करा. रस्त्यावरून दिसणारं आवरण पांढरं किंवा फिकटच हवं, असा नियम बऱ्याच वसाहतींत असतो. खिडकीला चादर, वर्तमानपत्र किंवा चांदीचा कागद लावायला मनाई असते, आणि राहायला आल्यावर किती दिवसांत पडदे लावायचे तेही काही ठिकाणी लिहिलेलं असतं. मुदत जवळ असेल तर समोरच्या दोन खिडक्यांना दुकानातले तयार ब्लाइंड्स लावून टाका आणि शटर्सचा निर्णय शांतपणे घ्या. भाड्याच्या घरात मात्र शटर्सचा विचारच करू नका. ती खिडकीच्या मापाने बनतात आणि त्याच खिडकीला स्क्रूने बसतात, दुसऱ्या घरी नेऊन उपयोग नसतो.

मग कागद घेऊन घरात फिरा. प्रत्येक खिडकीपुढे तिची दिशा, तिच्यातून कोण बघू शकतं आणि ती रोज किती वेळा उघडली जाते, एवढं लिहा. साध्या दुहेरी काचेवर पडणाऱ्या उन्हापैकी सुमारे ७६ टक्के ऊन आत येऊन उष्णता बनतं, असं अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं. टेक्सासच्या उन्हाळ्यात म्हणूनच पश्चिमेची खिडकी पहिली. मात्र शटर काचेच्या आतल्या बाजूला असतं, काच ओलांडून आलेली उष्णता ते पूर्णपणे परतवू शकत नाही. निव्वळ वीजबिलासाठीच पैसे घालायचे असतील, तर घट्ट बसवलेल्या सेल्युलर शेड्स जास्त उपयोगी. त्यांच्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या कप्प्यांत हवा अडकून राहते. शटर्सची किंमत आपण मोजतो ती उजेड हवा तसा वळवता येतो म्हणून. पट्ट्या वरच्या दिशेने वळवल्या की उजेड छताकडे जातो, खोली उजळते आणि फुटपाथवरच्या माणसाला आतलं काही दिसत नाही. दिवाणखाना, अभ्यासाची खोली आणि रस्त्याकडची झोपायची खोली यांना हा गुण खरोखर कामी येतो. वरच्या मजल्यावरच्या पाहुण्यांच्या खोलीला तो फारसा लागत नाही. रात्रपाळी करणाऱ्याच्या खोलीत तर शटर्स एकटी पुरत नाहीतच. पट्ट्यांच्या फटींतून उजेडाच्या रेषा येतात, तिथे जाड पडदाही लागतो.

मापं स्वतः घ्या. अंतिम माप कंपनीचा माणूसच घेईल आणि ती जबाबदारी त्याच्यावरच राहू द्या, पण आपले आकडे हाती असले की कोट, म्हणजे विक्रेत्याने दिलेला खर्चाचा अंदाज, तपासता येतो. पोलादी टेपने रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा, उंचीही तशीच तीन ठिकाणी, आणि सर्वांत लहान आकडा धरा. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजा. या भागात ही पायरी वगळू नये. डॅलसखालची काळी चिकणमाती विदर्भातल्या काळ्या मातीसारखीच आहे, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर टेकलेला घराच्या पायाचा काँक्रीटचा स्लॅब थोडा थोडा हलतो आणि खिडक्यांचे काटकोन बिघडतात. दोन कर्णांत ठळक फरक निघाला, तर विक्रेत्याला तो आधीच सांगा आणि तिथे कोणती फ्रेम देणार ते विचारा. खिडकीच्या खाचेत बसणारं इनसाइड माउंट दिसायला नेटकं असतं, पण चौकट वाकडी असेल तर फटी उघड्या पडतात. झेड आकाराच्या फ्रेमची कड भिंतीवर येते आणि त्या झाकते.

खोलीचं मापही लिहा, म्हणजे भिंतीच्या कडेपासून काचेपर्यंतचं अंतर. साडेतीन इंची पट्टी आडवी झाली की तिचा निम्मा भाग, पावणेदोन इंच, काचेकडे जातो. मध्ये खिडकीची कडी किंवा हँडल येत असेल तर पट्टी तिथेच अडेल. पट्ट्या साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार इंचांच्या मिळतात. रुंद पट्टीत बाहेरचं जास्त दिसतं, पण लहान खिडकीत ती बोजड वाटते. आपल्याकडच्या घरांना साडेतीन इंची बहुतेक वेळा शोभते.

आता रोजचं राहणं. शटरची झडप दारासारखी खोलीत उघडते, तेव्हा सोफ्याची पाठ, दिवा, अभ्यासाचं टेबल आड येतं का ते पाहा. इनसाइड माउंटमध्ये खिडकीचा कट्टा बराचसा जातो. हिवाळ्यात तुळशीची कुंडी आत आणून त्या कट्ट्यावर ठेवत असाल, तर तेवढी एक खिडकी मोकळी सोडा. दिवाळीत आकाशकंदील खिडकीत लागत असेल, तर त्याचा हूक आणि वायर कुठून जाणार हेही आत्ताच ठरवा, नंतर फ्रेममध्ये भोक पाडण्यात अर्थ नाही. शेगडीजवळच्या खिडकीचा वेगळा विचार हवा. फोडणीची वाफ पट्ट्यांवर बसते, तिच्यावर धूळ चिकटते आणि तो थर एकेक पट्टी पुसूनच निघतो. तिथे लाकूड नको, पुसता येईल असं व्हिनाइल (एक प्रकारचं प्लास्टिक) घ्या. न्हाणीघरालाही तेच. रांगतं बाळ असेल तर शटर्सना लोंबती दोरी नसते, ही फार मोठी गोष्ट आहे.

इतर खोल्यांत बासवुडचं लाकूड हलकं, सरळ रेषांचं आणि रंग छान धरणारं. व्हिनाइल स्वस्त, पण रुंद झडपेत ते लवचू शकतं, म्हणून आत ॲल्युमिनियमचा गाभा आहे का ते विचारा. पांढऱ्याच्याही अनेक छटा असतात. नमुन्याची पट्टी मागून घ्या आणि दारांच्या चौकटींना लावून दिवसा व दिव्यात, दोन्ही वेळा पाहा.

पैशांचा हिशोब चौरस फुटांवर चालतो. व्हिनाइल बसवण्यासकट साधारण २० ते ३० डॉलर चौरस फूट, लाकूड ३० ते ४५ डॉलर, असा ढोबळ अंदाज धरा. ३६ बाय ६० इंचांची खिडकी म्हणजे १५ चौरस फूट. २५ डॉलरच्या भावाने ३७५ डॉलर, ४० च्या भावाने ६००. अशा बारा खिडक्यांचे ४,५०० ते ७,२०० डॉलर होतात, आणि त्यांतल्या फक्त पाच केल्या तर १,८७५ ते ३,०००. हा फरक पाहूनच मी म्हणते की पहिल्या वर्षी पाच करा. लहान खिडकीला किमान चौरस फूट धरून बिल लावतात का, कमानीची खिडकी, सरकतं दार आणि जिन्यावरची उंच खिडकी यांचा जादा दर किती, जुने ब्लाइंड्स काढणं आणि टॅक्स धरला आहे का, हे लेखी घ्या. तीन कोट मागवा आणि तिघांना मापांचा तोच कागद द्या.

घर विकताना हे पैसे परत येतील, हा युक्तिवाद विक्रेता नक्की करेल. स्क्रूने बसवलेली शटर्स सहसा घराबरोबरच जातात आणि फोटोत घर नीटनेटकं दिसतं, हे खरं. पण तेवढ्यावर डॉलरला डॉलर वसूल होईल असं गृहीत धरू नका. सात-आठ वर्षं त्या घरात राहणार असाल, तर रोजच्या वापरातच त्यांची किंमत निघते. दोन वर्षांत बदली होण्यासारखी असेल तर साधे ब्लाइंड्स लावा.

"आजच सही केली तर ३० टक्के सूट," असं ऐकून सही करू नका. केलीच, तर फेडरल ट्रेड कमिशनचा नियम माहीत असू द्या. घरी येऊन केलेल्या २५ डॉलर किंवा जास्तीच्या विक्रीचा करार तिसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत रद्द करता येतो, आणि विक्रेत्याने रद्द करण्याच्या फॉर्मच्या दोन प्रती द्यायच्या असतात. त्या मोजणीत शनिवार धरतात, रविवार धरत नाहीत. दुकानात आधीच बोलणी करून आला असाल तर मात्र ही सवलत लागू होत नाही. मुदत संपली की माल तुमच्या मापाने बनायला लागतो आणि परत जात नाही. बनून यायला कित्येक आठवडे लागतात, तेव्हा दिवाळीला हवी असतील तर ऑर्डर श्रावण लागण्याआधी द्या.

बसवायच्या दिवशी खिडक्यांपुढची जागा रिकामी करा आणि घरात कोणीतरी थांबा. उरलेली रक्कम देण्याआधी प्रत्येक झडप उघडून मिटून पाहा, मधल्या फटी सरळ आहेत का, पट्ट्या अर्ध्यावर सोडल्या तर आपोआप खाली तर पडत नाहीत ना, खिडकीची कडी हाताला येते का, भिंतीकडच्या कडेला फट बुजवणारा कॉक भरला आहे का. काही राहिलं असेल तर त्याच कागदावर लिहून इन्स्टॉलरची सही घ्या, आणि सुट्या पट्टीचा मॉडेल नंबर व वॉरंटी पुढच्या मालकाच्या नावावर होते का, हे त्याच फाइलला लावा.