मुंबईत घर घ्यायचंय? हिशेब पगारापासून सुरू करा, किमतीपासून नको

मुंबईत घर शोधणारी माणसं बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून निघतात. आधी जाहिरात दिसते, मग रविवारी साइट व्हिजिट होते, सॅम्पल फ्लॅट आवडतो आणि त्यानंतर पैसे कसे जमवायचे हा प्रश्न येतो. तोवर विक्री कार्यालयातल्या मुलानं कागदावर हप्ता काढून दिलेला असतो आणि ‘ओढाताण करून जमेल’ असं दोघांनाही वाटायला लागलेलं असतं. हातात पडणाऱ्या पगारापासून सुरुवात करून किमतीकडे गेलं, तर आपलं घर अंधेरीत बसतंय, डोंबिवलीत बसतंय की तूर्त भाड्याचीच जागा बरी, हे साइटवर पाऊल ठेवण्याआधीच कळतं.

पायरी १ : हप्त्याची तालीम करा

सीटीसी (कंपनी सांगते तो वार्षिक पॅकेजचा आकडा) विसरा, खात्यात जमा होतो तोच पगार धरा. समजा, दोघं नोकरी करतात आणि मिळून दीड लाख हातात येतात. गाडीचं कर्ज, क्रेडिट कार्डाचे हप्ते असं काही नसेल तर यातले ४० टक्के, म्हणजे ६०,००० रुपये, ही घराच्या हप्त्याची वरची मर्यादा समजा. बँक याहून जास्तही देऊ करेल. मुलांची शाळा, गावाकडे आईवडिलांना पाठवायचे पैसे, सणवार हे बँकेच्या गणितात फारसं येत नाही, ते तुम्हालाच धरायचं आहे.

मग कर्जाचा अर्ज करण्याआधी सहा महिने हा हप्ता भरून बघा. सध्या भाडं २५,००० असेल तर उरलेले ३५,००० दर महिन्याच्या पाच तारखेला आरडीत टाका. तिसऱ्या महिन्यात ती मोडावी लागली, तर ६०,००० हा तुमचा आकडा नाही. टिकली, तर दोन लाखांहून जास्त शिल्लक पडते आणि ती पुढे लागतेच. घरात बाळ येणार असेल तर यातले दोन महिने एकाच पगारात काढून बघा.

पायरी २ : हप्त्यावरून कर्ज, कर्जावरून किंमत

साडेआठ टक्के व्याजानं २० वर्षांसाठी लाखामागे हप्ता पडतो साधारण ८६८ रुपये. म्हणजे ६०,००० च्या हप्त्यात जेमतेम ६९ लाखांचं कर्ज बसतं. दर बदलेल तसा लाखामागचा आकडा बदलून घ्या. साडेनऊ टक्क्यांना तो ९३२ होतो.

बँक घराच्या किमतीच्या किती टक्के कर्ज देऊ शकते, याचे टप्पे रिझर्व्ह बँकेनं ठरवलेले आहेत. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के. आपल्या जोडप्याला ८० टक्क्यांचा टप्पा लागतो, म्हणजे घर साधारण ८६ लाखांचं.

या टप्प्यांत एक खड्डा आहे आणि मुंबईत तो नेमका मध्यमवर्गीयांच्या वाटेवर येतो. पगार जास्त असला, तरी सुमारे ९४ लाख ते एक कोटी या किमतीच्या घरांना कर्ज ७५ लाखांच्या पुढे सरकत नाही. सरकलं की ७५ टक्क्यांचा नियम लागतो आणि त्यासाठी घर कोटीच्या पुढचं असावं लागतं. ९४ लाखांच्या घरावरून ‘सहाच लाख जास्त’ म्हणून कोटीच्या घरावर गेलात, तर ते सहाच्या सहा लाख स्वतःच्या खिशातून जातात. ब्रोकर हे सांगत नाही.

पायरी ३ : रोख किती लागेल?

मुंबईतला व्यवहार हप्त्यापेक्षा इथेच जास्त अडतो. दहा लाखांवरच्या घराला कर्ज ठरवताना स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणीचा खर्च किमतीत धरता येत नाही, म्हणजे हे पैसे आपलेच. मुंबई महापालिका हद्दीत ८६ लाखांचं, बांधकाम चालू असलेलं घर धरू :

- स्वतःचा वाटा : १७.२० लाख
- स्टॅम्प ड्युटी, ६ टक्के : ५.१६ लाख
- नोंदणी फी : ३०,००० रुपये (एक टक्का, पण कमाल एवढीच)
- जीएसटी, ५ टक्के : ४.३० लाख

झाले २७ लाख. बिल्डर ताबा देताना आगाऊ मेंटेनन्स, सोसायटी स्थापनेचा खर्च, क्लब हाउस असं काहीबाही लावतो. ग्रिल, पंखे, किचनमधली ट्रॉली आणि दोन कपाटं धरली की ३२ लाखांच्या आत क्वचितच भागतं. शिवाय सहा महिन्यांचा हप्ता आणि घरखर्च बाजूला हवा. ही रक्कम नसताना वैयक्तिक कर्ज काढून स्वतःचा वाटा भरणारी मंडळी असतात. त्यांनी पहिल्या पायरीवर काढलेला ४० टक्क्यांचा आकडा पुन्हा बघावा.

ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबईत स्टॅम्प ड्युटी ७ टक्के आहे, मुंबईपेक्षा एक टक्का जास्त. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत मिळते; नवऱ्याचं नाव मालक म्हणून जोडलं की ती जाते. ड्युटी करारातल्या किमतीवर किंवा रेडी रेकनरच्या (सरकारनं त्या भागासाठी ठरवलेल्या) मूल्यावर, यातलं जे जास्त असेल त्यावर बसते.

ओसी (इमारत राहायला वापरता येईल असा पालिकेचा दाखला) मिळालेल्या घराला जीएसटी नाही. रीसेलमध्ये तो वाचतो, पण ब्रोकरची दलाली आणि सोसायटीची ट्रान्सफर फी येते. ही फी २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. ‘ऐच्छिक देणगी’ म्हणून मागितली तर नियम दाखवा. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विकणाऱ्याच्या रकमेतून एक टक्का टीडीएस (त्याच्या नावावरचा कर) कापून सरकारकडे भरणं ही खरेदीदाराची जबाबदारी आहे. विकणारा परदेशात स्थायिक असेल तर एक टक्क्याचा नियम लागत नाही आणि कपात बरीच मोठी असते. तिथे सीएला विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

पायरी ४ : भाड्याशी प्रामाणिक तुलना

‘भाडं म्हणजे पैसे पाण्यात’ हे वाक्य प्रत्येक काकांनी ऐकवलेलं असतं. आपल्या जोडप्याचा पहिला हप्ता फोडून बघू. ६८.८ लाखांच्या कर्जावर साडेआठ टक्क्यांनी पहिल्या महिन्याचं व्याज होतं साधारण ४८,७००. हप्ता ५९,७००, म्हणजे मुद्दल फिटलं फक्त ११,०००. तसंच घर २५,००० भाड्यानं मिळत असेल, तर सुरुवातीची काही वर्षं पाण्यात जास्त कोणाचे जातात, हे तुम्हीच ठरवा.

म्हणून घर घेऊच नये असं नाही. दर अकरा महिन्यांनी वाढणारं भाडं, ब्रोकर, टेम्पो, मुलांची बदलती शाळा, घरमालकाचा ‘मुलाचं लग्न ठरलंय’ असा फोन, या सगळ्याची किंमत असतेच. माझं मत असं : त्याच भागात आठ-दहा वर्षं राहणार असाल तर घ्या, नोकरी तीन वर्षांत बंगळुरूला नेणार असेल तर भाड्यानं राहा. आणि बांधकाम चालू असलेलं घर घेतलंत, तर ताबा मिळेपर्यंत भाडं आणि कर्जाचं व्याज दोन्ही भरावं लागतं. वरच्या गणितात हे अजून धरलेलंच नाही.

पायरी ५ : आता नकाशा उघडा

८६ लाखांत पश्चिम उपनगरांत बऱ्याच ठिकाणी वन बीएचकेसुद्धा अवघड, पण ठाण्यापुढे किंवा वसईकडे टू बीएचके बघता येतो. भाव विचारताना एकच प्रश्न : रेरा कार्पेट, म्हणजे रेरा कायद्यानुसार मोजलेलं घराच्या आतलं वापरण्याजोगं क्षेत्रफळ, किती? बिल्ट-अप, सुपर बिल्ट-अप ही भाषा रीसेलच्या बाजारात अजून चालते. सगळ्या घरांचा भाव कार्पेटच्या चौरस फुटावर काढा, मग तुलना करा. सॅम्पल फ्लॅटमध्ये जाताना मोजपट्टी न्या आणि पलंग मोजा. तो बहुधा नेहमीपेक्षा लहान बनवून घेतलेला असतो आणि खोल्यांना दारंच बसवलेली नसतात, त्यामुळे जागा ऐसपैस दिसते.

‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ याची परीक्षा रविवारी दुपारी होत नाही. सोमवारी सकाळी आठला त्या इमारतीच्या गेटवर उभे राहा, शेअर रिक्षाच्या रांगेत थांबा, फास्ट लोकल पकडून ऑफिस गाठा. संध्याकाळी परतही या. दोघांची ऑफिसं वेगळ्या लाइनवर असतील तर दोघांनीही जायचं. मग राहत्या माणसांना पाण्याबद्दल विचारा. मीरा रोड, नायगाव, विरारकडे किंवा घोडबंदर रोडवर घर बघत असाल तर सोसायटीच्या खर्चात टँकरवर किती जातात ते बघून घ्या. मेंटेनन्सचा खरा आकडा तिथे दडलेला असतो.

म्हाडाची सोडत हा वेगळा रस्ता आहे, अर्ज जरूर भरा. मुंबई महानगरात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प, ९ लाखांपर्यंत अल्प, १२ लाखांपर्यंत मध्यम आणि त्यापुढे उच्च गट. नवराबायको दोघांचं उत्पन्न एकत्र धरतात, त्यामुळे आपलं जोडपं उच्च गटात जातं, आणि २०२३ च्या सोडतीत त्या गटात ताडदेवची साडेसात कोटींची घरंही होती. त्या वर्षी ४,०८२ घरांसाठी लाखाहून जास्त अर्ज आले. सोडतीच्या भरवशावर बाकीचं नियोजन थांबवू नका.

पायरी ६ : कागद

महारेराच्या (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकून पूर्णत्वाची तारीख किती वेळा पुढे ढकलली आहे ते बघा. पण तेवढ्यावर थांबू नका. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींना पालिकेच्या बनावट परवानग्यांवर रेरा नोंदणी मिळाली होती. २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं त्या पाडण्याचे आदेश दिले, तेव्हा आत कुटुंबं राहत होती. म्हणून बांधकाम परवानगीची प्रत घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात तिची खातरजमा करा. वकील स्वतःचा असू द्या, बिल्डरनं सुचवलेला नको. रीसेल असेल तर ओसी, आधीच्या सगळ्या करारांची साखळी, इंडेक्स टू (करार नोंदवल्याचा सरकारी उतारा) आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट हवं. पागडीची (एकरकमी पैसे देऊन फक्त भाडेकरूचा हक्क मिळतो अशी) जागा स्वस्त दिसते, पण तिथे मालकी मिळत नाही आणि बँका सहसा कर्ज देत नाहीत.

टोकन देताना लक्षात ठेवा : नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. पैसे चेकनं किंवा बँकेतूनच. ‘थोडे ब्लॅक’ मागणाऱ्या विक्रेत्याकडे पाठ फिरवा. त्या रकमेला कर्ज मिळत नाही आणि व्यवहार फिसकटला तर ती मागण्याचा पुरावाही उरत नाही.

पायरी ७ : हप्ता सुरू झाल्यावर

व्याजदर वाढला की बँका अनेकदा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात. २० वर्षांचं कर्ज चोवीस वर्षांचं झाल्याचं कित्येकांना उशिरा कळतं. दर एप्रिलला कर्जाचं विवरणपत्र काढून उरलेले महिने मोजा. मुदतीऐवजी हप्ता वाढवून मागण्याचा पर्याय २०२३ पासून बँकेला द्यावाच लागतो. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल दंड लागत नाही, त्यामुळे बोनसमधला एखादा हप्ता मुद्दलात टाका, आणि टाकताना हप्ता नाही तर मुदत कमी करायची आहे, असं बँकेला लेखी कळवा.